शेंड्यापर्यंतचा शब्द

सुरवंटाच्या फाटकात एका वाक्याला बंदी होती. ‘काही होत नाही’ हे ते वाक्य. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती, पण पार्कात नेहमी येणाऱ्या आईबापांना ते ठाऊक होतं. एखादा नवखा बाप रडणाऱ्या पोराला ओढत रांगेत आणायचा आणि म्हणायचा, “अरे चल, काही होत नाही!” की लगेच ब्रेकच्या दांड्याशी बसलेली म्हातारी चष्म्यावरून त्याच्याकडे बघायची आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, “काही होतच नाही, तर मग तिकीट कशाला काढलंत?”

या बाईला सगळे ब्रेकआजी म्हणत. साहेब लोकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे. आणि सुरवंट म्हणजे तिच्या ताब्यातली लहान मुलांची रोलर कोस्टर. हिरवे डबे, पुढच्या डब्याला बटाट्याएवढे डोळे आणि कानापर्यंत गेलेलं हसू. ब्रेकआजीच्या मते सगळा घोळ त्या हसण्याने घातला होता. मुलं ते तोंड बघून भुलायची, ऐटीत जाऊन बसायची, आणि गाडी चढाला लागली की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. “वाघाचं तोंड लावलं असतं तर पोरांना निदान अंदाज तरी आला असता,” असं तिने मालकांना एकदा तोंडावर सांगितलं होतं. मालक हसले आणि चालू लागले. सुरवंटही तसाच हसत राहिला.

तरुणपणी ती पार्कात तिकीटखिडकीवर होती. सुरवंटाचा जुना माणूस नोकरी सोडून गेला, तेव्हा त्या दांड्याशी बसायला कुणी तयार होईना. मोठ्या राइडवर मिशा पिळत उभं राहायला सगळे पुरुष एका पायावर तयार होते, पोरांच्या गाडीवर बसणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. ती म्हणाली, मी बसते. पण त्याआधी तिने एक अट घातली. दांड्याला हात लावण्याआधी तिला गाडीत बसून बघायचं होतं, आणि तेही प्रत्येक डब्यात. पहिल्या फेरीला ती इतकी किंचाळली की आकाशपाळण्यावरचा माणूस हातातलं काम टाकून धावत आला. तरी ती उतरली नाही. सगळ्या डब्यांत बसून झाल्यावर केस नीट केले, पाणी प्यायली आणि म्हणाली, “उतारावर मजा येते. चढावर जीव जातो.”

त्या एका वाक्यावर तिने पुढची सगळी नोकरी केली. चढावर साखळी गाडीला हळूहळू वर ओढायची आणि खालून खट्‌खट् असा आवाज यायचा. बसलेल्या मुलाला वाटायचं, काहीतरी मोडतंय. म्हणून ब्रेकआजी घाबरलेल्या मुलाला आधी कुंपणाशी उभं करून तो आवाज ऐकवायची. “ऐकलंस? गाडी मागे घसरू नये म्हणून खाली एक लोखंडी खुंटी आहे, ती अडकत अडकत जाते. ज्या दिवशी हा आवाज येणार नाही, त्या दिवशी मीसुद्धा बसणार नाही.” मग पुढे काय होणार ते सांगायची, अगदी खरं. शेंड्यावरून खाली येताना पोटात मोठा गोळा येईल. मग वळणावर एक लहान गोळा. मग संपलं. ओरडायचं असेल तर ओरड, डोळे मिटायचे असतील तर मीट, रडलास तरी चालेल.

आणि शेवटी ती आपला शब्द द्यायची. “वर जाताना नको वाटलं तर डोक्यावर हात ठेव. मी गाडी थांबवीन, वर येईन आणि तुला उतरवून आणीन. पण हे फक्त शेंड्यापर्यंत. शेंडा ओलांडला की गाडी माझंही ऐकत नाही.”

ते खरंच होतं. दांडा ओढला की साखळी थांबायची, पण फक्त चढावर. पुढे गाडी आपल्याच वजनाने धावायची आणि फलाटावर आल्याशिवाय तिला अडवणं कुणाच्या हातात नव्हतं. दुसऱ्या कुणी ही शेवटची गोष्ट मुलांना सांगितली नसती. ब्रेकआजी ती सगळ्यात मोठ्याने सांगायची.

डोक्यावर हात गेला की ती गाडी थांबवायची म्हणजे थांबवायची. मग चढाला लागून असलेल्या लोखंडी पायऱ्या एकेक करत चढायची, दुखऱ्या गुडघ्यांना शिव्या घालत, त्या मुलासमोरचा दांडा उघडायची आणि हाताला धरून त्याला खाली आणायची. खाली आलेल्या मुलाला कुणी भित्रा म्हटलं, तर त्या म्हणणाऱ्याची ती बिनपाण्याने करायची. त्या मुलाला आपल्या शेजारी बाकावर बसवून पुढची गाडी सोडायची घंटा त्याच्या हातात द्यायची. घंटा वाजवून कंटाळा आला की बहुतेक मुलं आपणहून पुन्हा रांगेत जाऊन उभी राहायची.

या पद्धतीपायी तिची एकदाच फजिती झाली. एक गृहस्थ नातवाला घेऊन मधल्या डब्यात बसले होते. काळेभोर केस, नीट भांग पाडलेला. गाडी अर्ध्या चढावर गेली, वारा सुटला आणि गृहस्थांचा हात झटकन डोक्यावर गेला. ब्रेकआजीने दांडा ओढला. गुडघे सावरत ती वर पोहोचली आणि प्रेमाने म्हणाली, “या, उतरा. लाजायचं काही कारण नाही.” गृहस्थ लालबुंद. दोन्ही हातांनी डोकं दाबून म्हणाले, “मी घाबरलो नाही हो, तुम्ही जा!” तेवढ्यात नातवाने सगळ्या गाडीला सांगून टाकलं, “आजोबांचा टोप उडतोय!” त्यानंतर ती प्रत्येक फेरीला आवाज द्यायची, “टोप्या आणि टोप खाली ठेवून बसा, मी कुणाला हसणार नाही.”

नवीन सुपरवायझर आला तेव्हा ही पद्धत त्याच्या डोळ्यांत खुपू लागली. गळ्यात सदा शिट्टी अडकवलेली असायची म्हणून त्याचं नाव शिट्टीसाहेब पडलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण रांग लांबली की त्याचा जीव वरखाली व्हायचा.

“आजी, एखादं पोर रडलं तर रडू द्या की. खाली येईपर्यंत गप्प होतं.”

“होतं ना. आणि पुढच्या वेळी कुणाचं काही ऐकत नाही.”

“निदान रविवारी तरी थांबवू नका. सुट्टीची गर्दी असते. हात जोडतो.”

“बघू,” ब्रेकआजी म्हणाली. तिच्या ‘बघू’चा अर्थ सगळ्या पार्काला माहीत होता. शिट्टीसाहेब नवा होता, तो खूश होऊन गेला.

आता गंमत बघा. जिने जगभरच्या पोरांशी खरं बोलून त्यांना सुरवंटात बसवलं, तिच्याच घरात एक थापाड्या निपजला. तिचा मुलगा. तो गाद्यांच्या दुकानात होता आणि त्याच्या जिभेवर दिवसभर एकच वाक्य असायचं, “एकदम मऊ, पाठ लावा आणि झोपा.” दुकानात हे खपून जायचं. घरीही तो तसंच बोलायचा. औषध एकदम गोड आहे, पाणी अजिबात थंड नाही, मी हा आत्ता आलो. त्यात लबाडी नव्हती. समोरच्याचं तोंड वाकडं झालेलं त्याला बघवायचं नाही, म्हणून तो बोलून मोकळा व्हायचा.

त्याची मुलगी पहिलीत होती. आकाराने चिमूटभर आणि जिभेला तिखट, म्हणून घरात तिचं नाव लवंगी. मागच्या सुट्टीत एका जत्रेत तो तिला भूतबंगल्यात घेऊन गेला. “आत नुसते आरसे आहेत गं, हसून हसून पोट दुखेल.” आत अंधारात वरून एक सांगाडा तिच्या खांद्यावर येऊन पडला. लवंगी रडली नाही. बाहेर आली, बाबाच्या हातातून आपला हात काढून घेतला आणि त्या दिवसापासून तिने त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवणं बंद केलं. तो म्हणाला दूध कोमट आहे, तर ती आधी बोट बुडवून बघायची. तो म्हणाला पाच मिनिटांत येतो, तर ती दाराशी जाऊन बसायची. बापाच्या काळजाला घरं पडत होती, पण बोलायची सोय नव्हती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं, पण मध्येच तिची दाढ किडली. दुधाचीच, पण हिरडीत पू झाला आणि गाल सुजला. दातांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाबा म्हणाला, “बाई नुसतं बघणार आहेत.” लवंगीने तोंड उघडलं, डोळ्याच्या कोपऱ्यातून सुई पाहिली आणि तोंड मिटलं. बाईंचं बोट आतच होतं. बाई समजूतदार होत्या, बोटाला पट्टी लावत म्हणाल्या, “औषधाने सूज उतरेल, पण दाढ काढावीच लागेल. हिला समजावून आणा. नाहीतर इस्पितळात ठेवून, भूल देऊन काढू.” भूल म्हटल्यावर लवंगीच्या आईचा धीर सुटला. सूज उतरली, पण लवंगी ओठ उघडायला तयार नव्हती. कुणी दाढेचं नाव काढलं की ती दोन्ही हात तोंडावर घट्ट धरायची.

“मी रविवारी तिला सुरवंटात बसवतो,” मुलगा आईला म्हणाला. “एकदा भीती मोडली की दाढही काढून घेईल.”

“भीतीचं काय घेऊन बसलास? तुझ्यावरचा भरवसा मोडलाय तिचा. तो आधी जोड.”

“तो कसा जोडायचा?”

याचं उत्तर ब्रेकआजीकडेही नव्हतं. जगाच्या पोरांना समजवायला तिला दोन घटका पुरायच्या, पण स्वतःच्या मुलाला हे कसं शिकवायचं ते तिला आजवर जमलं नव्हतं. तिला याचं वाईट वाटायचं. ती एवढंच म्हणाली, “घेऊन ये.”

रविवारी रांग पार पाणपोईपर्यंत गेली होती. शिट्टीसाहेब दांड्याशेजारी घड्याळ बघत उभा होता. लवंगी आईबाबांबरोबर फाटकात आली, तिने मान वर करून चढाकडे पाहिलं आणि जागच्या जागी थिजली. तिची आई पाठीवरून हात फिरवू लागली. आणि बाबाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “अगं चल, काही होत नाही.”

रांगेतल्या जुन्या लोकांनी श्वास रोखून ब्रेकआजीकडे पाहिलं. ब्रेकआजीने आज मुलाला सोडून दिलं. ती लवंगीपुढे खाली वाकली.

“आजी, भीती वाटते का गं यात?”

“वाटते. वर जाताना फार वाटते. मग पोटात एक मोठा गोळा येतो आणि एक लहान.”

“मी डोक्यावर हात ठेवला तर तू थांबवशील?”

“शेंड्यापर्यंत थांबवीन. पुढे नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

लवंगीने थोडा वेळ विचार केला. मग बाबाकडे बोट केलं. “हा बसलाय कधी?”

ब्रेकवालीचा मुलगा, सुरवंटाच्या बाकावर गृहपाठ करत वाढलेला, पण तो कधीच सुरवंटात बसला नव्हता. दर वेळी त्याचं पोट दुखायचं, नाहीतर बूट चावायचा. आईच्या हे लक्षात यायचं, पण तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही. सूनबाईही आज नवऱ्याकडे नव्याने बघू लागली.

“नाही बसलो,” तो म्हणाला.

“मग तुला कसं माहीत काही होत नाही ते?”

ब्रेकआजीने मधल्या डब्याचा दांडा उघडला. “बसा दोघं,” ती म्हणाली. लवंगी आधी बसली. तो मागोमाग बसला, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

घंटा वाजली. गाडी चढाला लागली, खट्‌खट् सुरू झालं. ब्रेकआजीची नजर त्या छोट्या डोक्यावरून हलत नव्हती. पाव चढ गेला, अर्धा गेला. पोरीचे दोन्ही हात समोरच्या दांड्यावर होते. शेंडा अगदी जवळ आला आणि ब्रेकआजीला वाटलं, आता ही जाते पार. त्याच वेळी लवंगीने हात उचलला आणि सावकाश डोक्यावर ठेवला.

“आजी, आता राहू द्या!” शिट्टीसाहेब ओरडला. “पोचलीच आहे वर! रांग बघा!”

ब्रेकआजीने दांडा ओढला. गाडी शेंड्याच्या तोंडाशी उभी राहिली.

“दांडा धरून उभे राहा,” तिने शिट्टीसाहेबाला सांगितलं, “आणि मी हात करेपर्यंत हलवू नका.” मग ती पायऱ्या चढू लागली. आजवर इतक्या वर गाडी कुणी थांबवायला लावली नव्हती. गुडघे कुरकुरत होते, रांगेतून कुणी हसत होतं, कुणी चिडत होतं. तिला नातीचा रागही आला आणि कीवही. शेवटच्या डब्यापाशी पोहोचली तेव्हा तिथल्या एका काकांनी हळूच विचारलं, “मलाही उतरता येईल का हो?” “थांबा जरा, आधी लहानांना,” असं म्हणून ती मधल्या डब्याशी पोहोचली. धाप लागली होती. तिने दांड्याच्या खिट्टीला हात घातला.

“चल, बाळा. उतर.”

“नाही उतरायचं,” लवंगी म्हणाली.

“मग हात का ठेवलास?”

“तू खरंच थांबवतेस का ते बघायचं होतं.”

ब्रेकआजीच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने आलं असं म्हणायला जागा होती, पण ती तसलं बोलणारी नव्हती. “थांबवली,” ती म्हणाली. “बघितलंस?”

“बघितलं.” लवंगीने मान वळवली. शेजारी तिचा बाबा दोन्ही हातांनी दांडा आवळून, डोळे गच्च मिटून बसला होता. “बाबा, तुला भीती वाटतेय?”

“छे गं,” तो म्हणाला, “मी आपला जरा…” आणि थांबला. त्याने डोळे उघडले. आई समोर उभी होती, धापा टाकत, गुडघ्यावर हात ठेवून, एका पोरीला दिलेल्या शब्दापायी एवढ्या पायऱ्या चढून आलेली.

“हो,” तो म्हणाला. “फार भीती वाटतेय. लहानपणापासून वाटते. म्हणून मी कधी बसलो नाही.”

“मग तूही ठेव डोक्यावर हात. आजी उतरवेल.”

“ठेवला असता,” तो म्हणाला. “पण दांडा सोडवत नाहीये.”

लवंगीला हसू आलं. सुजेनंतर पहिल्यांदा ती तोंड उघडून हसली, किडकी दाढ दिसेपर्यंत. मग तिने आपला हात त्याच्या मुठीवर ठेवला. “आजी, तू खाली जा आणि सोड गाडी. हा बसेल. मी आहे.”

काकांना घेऊन ब्रेकआजी खाली आली, त्यांना बाकावर बसवलं आणि त्यांच्या हातात घंटा दिली. शिट्टीसाहेबाने दांड्यावरचा हात काढला. गाडी शेंड्यावरून गेली तेव्हा साऱ्या पार्काला एकच किंकाळी ऐकू आली, आणि ती लवंगीची नव्हती.

फलाटावर उतरल्यावर मुलगा काकांशेजारी जाऊन बसला. लवंगी त्याच्यापुढे उभी राहिली आणि तिने दोन्ही हात मागे बांधले.

“बाबा, दाढ काढताना दुखेल?”

सूनबाई पुढे सरसावली, ब्रेकआजीने तिचा दंड धरला. मुलाच्या ओठांवर काहीतरी मऊ मऊ आलेलं तिला दिसलं. त्याने ते गिळलं.

“दुखेल,” तो म्हणाला. “आधी सुई टोचतील. ती चांगलीच दुखेल, पण लवकर संपेल. मग गाल जड होईल. नंतर ओढल्यासारखं वाटेल. त्याच्यापुढचं मला माहीत नाही.”

“मी डोक्यावर हात ठेवला तर बाई थांबतील?”

“विचारतो. तुझ्यासमोर विचारतो. नाही म्हणाल्या तर नाही म्हणाल्या, असंच सांगेन.”

लवंगीने आजीकडे पाहिलं नाही. तिने बाबाकडेच बघत मान हलवली. “मग उद्या जाऊ.”

दुसऱ्या दिवशी पार्काला गर्दी नव्हती. उन्हं उतरली तेव्हा तिघं फाटकाशी आली. लवंगीच्या गालात कापसाचा बोळा होता. बोलताना तो सांभाळावा लागत होता, तरी ती गप्प बसणारी नव्हती. डॉक्टरबाईंनी आधीच कबूल केलं होतं, सुई टोचेपर्यंत थांबेन, नंतर नाही. तिने एकदा डोक्यावर हात ठेवला होता आणि बाई थांबल्या होत्या. मग तिने स्वतःच हात खाली घेतला होता.

ब्रेकआजीने तिला दांड्याशेजारी आपल्या बाकावर ओढून घेतलं आणि हनुवटी वर करून आतली खाच पाहिली.

“दुखलं का गं?”

“दुखलं,” लवंगी म्हणाली आणि मागे उभ्या असलेल्या बापाचा हात धरला. “बाबा म्हणाला होता तेवढंच.”